आधी डाग, मग रंग: फळीवर माणूस उभा करताना

लाकूड गरम टोकाने डागून चित्र काढणं ज्यांना जमतं आणि तैलरंग ज्यांच्या हातात बसलेत, अशा दोघांचीही पहिली जोडकामं बहुतेक फसतात. कारण एकच: कोणतं काम डागण्याचं आणि कोणतं रंगाचं, हे सुरुवातीला ठरवलेलं नसतं. मग अर्धा चेहरा डागून काळा होतो आणि उरलेला वाचवायला त्यावर जाड रंग चढतो. तेवढंच करायचं तर कॅनव्हास काय वाईट होता?

वाटणी अशी ठेवा. रेघ, सुरकुती आणि सगळ्यात गडद सावली डागायची. रंगछटा आणि उजेड तैलरंगाने आणायचा. मधला टोन लाकडाचा स्वतःचा, तो शक्य तितका मोकळा सोडायचा. फिकट पिवळसर फळीचा रंग आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ कातडीच्या उजळ छटेला आधीच जवळचा असतो, त्यामुळे निम्मं काम फळीच करते.

इथे उदाहरण घेतलंय पटका बांधलेल्या सत्तरीच्या शेतकऱ्याचं, छातीपर्यंत, १२ × १६ इंचांच्या फळीवर. सुरकुत्या आणि मिशा डागण्यासाठी, पटका रंगासाठी. लमाणी बाईचा आरशांचा पेहराव आणि हातभर चुडा दिसायला याहून देखणा, पण आरशांचं काम जवळजवळ सगळं रंगाचं आहे, ते दुसऱ्या-तिसऱ्या चित्राला घ्या. तरुण, नितळ चेहरा मात्र सुरुवातीला अजिबात नको. त्यात डागायला फारसं काही नसतं आणि एक जादा रेघ पडली की वय दहा वर्षांनी वाढतं.

फळी

शिवणीचं लाकूड मिळालं तर दुसरं शोधू नका. रंग फिकट, रेशा बारीक, वाकणं-तडकणं कमी. हळदूही चांगला, थोडा जास्त पिवळा. किनवट-माहूरकडे सागाचं जंगल असल्यामुळे नांदेडकडच्या माणसाला आधी साग आठवणं साहजिक आहे, पण साग मुळातच गडद आणि तेलकट. डागलेली हलकी छटा त्यावर दिसत नाही आणि तैलरंग सावकाश सुकतो. बाभूळ कठीण आणि लालसर, ती सोडाच. खोक्यांचं पाइन स्वस्त मिळतं, पण त्यात मऊ आणि कडक पट्टे आलटून पालटून येतात. टोक मऊ पट्ट्यात खोल बुडतं, कडक पट्ट्यावरून घसरतं, आणि गालाची रेघ पायऱ्यापायऱ्यांची होते.

एमडीएफ डागू नका, त्यातल्या गोंदाचा धूर घातक असतो. साध्या प्लायचा वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ असतो, जरा दाब पडला की टोक गोंदापर्यंत जातं. पडलेल्या माळवदाच्या तुळया आणि कड्यांचा मोह अनेकांना होतो. जुनं लाकूड, फुकटचं, वाळलेलं. पण वाळवी लागू नये म्हणून त्यांना जळकं ऑइल किंवा औषध पाजलेलं असण्याची दाट शक्यता असते. असं लाकूड गरम टोकाखाली आणायचं नाही, वरून कितीही रंधून घेतलं तरी. रंग, पॉलिश किंवा व्हार्निश लागलेल्या फळीलाही हाच नियम.

१२ इंच रुंदीची अखंड फळी हमखास वाकते. ६ इंचांच्या दोन फळ्या जोडून घ्या. जाडी १८ ते २० मिलिमीटर, आणि टोकाकडून पाहिल्यावर एका फळीची वर्तुळं वर तर दुसरीची खाली वाकलेली दिसली पाहिजेत. सांधा चेहऱ्याच्या मधोमध येऊ देऊ नका, फळ्या ५ आणि ७ इंचांच्या घेतल्या तरी चालेल. वखारीतून आणलेली फळी ज्या घरात चित्र राहणार तिथे तीन-चार आठवडे उभी ठेवा, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी. श्रावणात आणलेली फळी लगेच वापरली तर एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात ती आकसते आणि सांध्यावर रंगाला चीर जाते. ओलावा मोजायचं यंत्र सुताराकडे असेल तर ८ ते १२ टक्क्यांच्या मध्ये आकडा हवा.

घासायला १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग २४०, नेहमी रेशांच्या दिशेने. त्यानंतर ओल्या फडक्याने फळी पुसून वाळू द्या. रेशांचे बारीक केस उभे राहतात, ते ३२० ने हलकेच उतरवा. ही पायरी गाळली तर डागताना टोक त्या केसांत अडकत राहतं.

हत्यार आणि व्होल्टेज

घन टोकाचं, सोल्डरिंग आयर्नसारखं ३० ते ६० वॅटचं हत्यार स्वस्त पडतं. ते तापायला पाच-सात मिनिटं घेतं आणि उष्णता सहज बदलता येत नाही. निक्रोम तारेच्या निबचं, ट्रान्सफॉर्मर आणि नॉब असलेलं यंत्र महाग, पण काही सेकंदांत तापतं. चेहरा करायचा असेल तर दुसरंच घ्यावं. टोकं तीन पुरतात: रेघेसाठी सुरीसारखं, सावलीसाठी चपटं, ठिपक्यांसाठी गोल.

ज्यांच्याकडे पहिलंच आहे त्यांनी व्होल्टेजकडे लक्ष द्यावं. घन टोकाच्या हत्याराची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात बदलते. २३० चे १९० व्होल्ट झाले तर ६० वॅटचं हत्यार जेमतेम ४१ वॅटचं उरतं. गावाकडे शेतीपंप सुरू झाले की घरातला दिवा मंदावतो, तसंच इथेही होतं: सकाळी ज्या वेगाने तपकिरी रेघ येत होती, त्याच वेगाने संध्याकाळी नुसता पिवळट ओरखडा येतो, मग हात आपोआप दाब देतो आणि चर पडते. स्टॅबिलायझर लावा, नाहीतर चेहऱ्याचं काम एकाच वेळेला, रोज त्याच तासांत करा. उष्णता कमी करायला दिव्याचा डिमर चालतो, पण तो इलेक्ट्रिशियनकडून बंद डबीत बसवून घ्या आणि फक्त साध्या घन टोकाच्या हत्याराला वापरा. ट्रान्सफॉर्मरच्या यंत्राला डिमर लावायचा नाही.

पंखा तुमच्याकडून धूर ओढून खिडकीबाहेर टाकेल असा ठेवा. छताचा पंखा बंद. त्याचा वारा टोक थंड करतो, रेघ तुटक येते आणि धूर मात्र खोलीतच फिरतो. मे महिन्यात हे जड जातं, म्हणून डागायचं काम सकाळी नऊच्या आत उरकावं. एन-९५ मास्क काजळी आणि भुसा अडवतो, वायू नाही. त्यासाठी खिडकीच लागते.

रेखाटन उतरवणं

फोटो सकाळी आठच्या सुमाराला किंवा दुपारी साडेचारनंतरचा घ्या, उजेड एकाच बाजूने आलेला. भर दुपारी पटक्याखाली डोळे नुसते काळे खड्डे दिसतात. रेखाटन कागदावर पूर्ण करा, कागदाच्या मागे २बी पेन्सिल घासा आणि फळीवर ठेवून बॉलपेनने गिरवा. कार्बन पेपर नको, त्यातलं मेण फळीवर बसतं, उष्णतेने पसरतं आणि खोडरबराने निघत नाही. पेन्सिलीच्या रेघाही हलक्या ठेवा. ग्रॅफाइट जळून जात नाही, डागाच्या कडेला करडं उरतं.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी एकदा या नजरेने पाहून यावा. भुवई, पापणी, बोटं, सगळा माणूस रेघेवर उभा आहे आणि रंग तिच्या आत शांत बसलेत. तिथे आधी गेरूच्या रेघेत आकृती, मग रंग, आणि शेवटी गडद रेघ पुन्हा फिरवलेली, असा क्रम होता. लाकडावर ती शेवटची फेरी डागून घेता येत नाही, कारण रंगावर गरम टोक लावायचं नसतं. म्हणून रेघेचं सगळं म्हणणं आधीच पूर्ण झालं पाहिजे.

चेहरा डागणं

त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर पाच चौकोन डागा, फिकट ते काळा. चेहऱ्यावर चौथ्या चौकोनाच्या पुढे जायचं नाही. पाचवा फक्त बुबुळ, नाकपुडी आणि पटक्याच्या कडेखालची सावली एवढ्यालाच. टोक कमी तापवून हात सावकाश चालवला तर छटा मऊ येते. जास्त तापवून हात पळवला तर रेघेच्या दोन्ही बाजूंना तपकिरी झळ पसरते. टोक फळीवर ठेवून मग हात हलवू नका. हात आधीच चालू असावा, टोक चालता चालता टेकावं आणि चालता चालताच उचलावं. नाहीतर प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला काळा ठिपका बसतो. टोकावर काजळी साचली की रेघ मळकट येते, पितळी ब्रशवर मधूनमधून घासा.

सुरुवात पटक्याच्या घड्यांपासून करा, सावलीच्या बाजूच्या. तिथे चूक खपते आणि हात तापतो. मग कान, मान, मग सुरकुत्या, आणि डोळे सगळ्यात शेवटी.

सुरकुत्यांवरच चित्र ठरतं, म्हणून इथे थोडं थांबू. सुरकुती म्हणजे रेघ नव्हे, दरी. तिची एक कड तीक्ष्ण असते, दुसरी बाजू हळूहळू वर चढते. सुरीच्या टोकाने एकच रेघ ओढा आणि चपट्या टोकाने तिच्या फक्त एका बाजूला, उजेडापासून लांबच्या, छटा विरत न्या. दोन्ही बाजूंना छटा दिली की चेहरा तडकलेल्या मातीसारखा दिसतो. कपाळावरच्या आडव्या सुरकुत्या सलग कधीच नसतात, मध्ये तुटतात, एकमेकींच्या वर-खाली सरकतात. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या पंख्यासारख्या मोजून काढण्याचा मोह होतो. तीन नीट काढा, बाकीच्यांचा नुसता सुगावा द्या. खोली अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवा, खोल चरीत नंतर रंग साचतो.

पांढऱ्या मिशीचे केस डागायचे नाहीत. केसांच्या मधली फट आणि मिशीखालची सावली डागा, केस नंतर पांढऱ्या रंगाने येतील. काळी मिशी असेल तर उलट. डोळ्यात वरची पापणी गडद, खालची जेमतेम. डोळ्याचा पांढरा भाग म्हणून जे दिसतं ते फळीचंच राहू द्या. खालची पापणी वरच्याइतकीच काळी केली की म्हातारा काजळ घातल्यासारखा दिसतो.

हलकी चूक ब्लेडने खरवडून, ४०० च्या पेपरने घासून निघते. खोल गेलेली निघत नाही, तिला सुरकुती करून टाका.

काजळी काढा, मग चपडी

डागून झाल्यावर फळी स्वच्छ दिसते, पण नसते. चरींत सुटी काजळी असते आणि ती तैलरंगात मिसळली की गाल राखेच्या रंगाचे होतात. मऊ टूथब्रशने चरीच्या दिशेने झाडा, मग कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं काळं होणं थांबेपर्यंत हे चालू ठेवा. उरलेली पेन्सिल मऊ खोडरबराने टिपून घ्या.

आता फळी बंद करायची. उघड्या लाकडावर तैलरंग लावला तर लाकूड त्यातलं तेल पिऊन टाकतं. रंग निस्तेज आणि कोरडा पडतो, शिवाय तेल रेशांतून बाजूला सरकून रंगाभोवती गडद कड तयार होते. ही कड नंतर कशानेच जात नाही.

१०० मिली पॉलिशच्या (मेथिलेटेड) स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम फिकट चपडी, म्हणजे लाखेचे पापुद्रे (शेलॅक), टाका आणि काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवत. लोखंडी डबा नको, त्यात चपडी काळवंडते. चपडीतलं मेण तळाशी बसू द्या, वरचं नितळ तेवढं अलगद काढून घ्या. मेण राहिलं तर तैलरंगाची पकड कच्ची राहते. मऊ ब्रशने एक पातळ हात, दीड-दोन तासांनी दुसरा. परत परत त्याच जागी ब्रश फिरवू नका, विरघळलेला थर ओरखडतो. फळीच्या मागच्या बाजूला आणि कडांनाही तेवढेच हात द्या, नाहीतर एकाच बाजूने ओलावा शिरून फळी वाकते. पावसाच्या दिवशी हे काम करू नका. दमट हवेत चपडीवर पांढुरकी धूसर साय येते. चपडी जुनी असेल तर काचेवर थेंब टाकून पाहा. दुसऱ्या दिवशी नख रुतत असेल तर फेकून द्या.

चोवीस तासांनी ४०० च्या पेपरने नुसता श्वास टेकावा इतकं हलकं घासा, चकाकी जाण्यापुरतं. चपडीऐवजी पारदर्शक अॅक्रिलिक जेसोचे (रंगाआधी लावायच्या अस्तराचे) दोन पातळ हातही चालतात. त्यावर रंगाची पकड चांगली, पण डाग किंचित धुरकट दिसतो. फर्निचरचा पांढरा ग्लू पाण्यात पातळ करून लावायचा सल्ला मिळतो, तो घेऊ नका. आपल्या ४२ अंशांत तो मऊ पडतो.

तैलरंग

ट्यूब सात पुरेत: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्लू, व्हर्मिलियन आणि क्विनाक्रिडोन रोझ. शेवटच्याऐवजी अलिझरीन क्रिमसन सगळीकडे मिळतो, पण पातळ थरात तो उजेडाने विटतो. गुलाबी पटक्याला तो धोका नको. काही ट्यूबवर छोटा चौकोन छापलेला असतो. रिकामा म्हणजे पारदर्शक, भरलेला म्हणजे अपारदर्शक. डागलेल्या भागावरून पारदर्शकच जाऊ द्या.

पहिला हात: बर्न्ट सिएना आणि ऑकर सम प्रमाणात. पातळ करायला एक भाग जवसाचं तेल, दोन भाग टर्पेंटाइन. चेहरा आणि मानेवर ब्रशने लावा आणि लगेच सुती फडक्याने पुसून काढा. राहील ती नुसती ऊब. चरींत थोडा रंग राहतो, तो हवाच असतो, सुरकुत्या त्याने मऊ होतात.

दोन-तीन दिवसांनी सावली: बर्न्ट अंबर आणि चिमूटभर अल्ट्रामरीन, तसाच पातळ, गालाखाली आणि पटक्याखाली. आता मिश्रणात तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं. वरचा थर खालच्यापेक्षा नेहमी जास्त तेलाचा, उलट झालं तर वरचा आधी सुकतो आणि खालचा हलत राहिल्याने भेगा पडतात.

मग उजेड. पांढरा, ऑकर, किंचित सिएना, घट्ट, ट्यूबमधून आला तसाच; ट्यूबमधल्या रंगात तेल असतंच, वरून घालायचं नाही. चपट्या ब्रशला अगदी थोडा रंग घ्या, बराचसा फडक्यावर पुसा आणि ब्रश फळीला जवळजवळ आडवा धरून कपाळ, गालफाड, नाकाच्या शेंड्यावरून अलगद न्या. रंग उंचवट्यावर लागतो, डागलेल्या चरी गडदच राहतात, आणि कातडी एकदम जिवंत होते. कॅनव्हासवर ही गोष्ट मिळत नाही, सगळा खटाटोप खरंतर याच्यासाठी. ब्रश उभा धरला किंवा रंग पातळ असला तर तो चरीत उतरतो आणि सुरकुत्या पांढऱ्या होतात. तसं झालं तर सुकायच्या आत टर्पेंटाइन लावलेल्या काडीने चर साफ करा.

पटक्याला सावलीच्या बाजूने रोझचा पातळ थर, खाली डागलेल्या घड्या दिसत राहतील असा. उजेडाच्या बाजूने रोझ, थोडं व्हर्मिलियन आणि पांढरा, जाड. चित्रात रंग सगळ्यात जाड इथेच असू द्या. सदऱ्याला रंग न देता नुसत्या डागलेल्या रेघा ठेवल्या तर नजर चेहऱ्यावरून हलत नाही. शेवटी मिशीचे आणि खुंटांचे पांढरे केस, कपाळावरचं गंध, डोळ्यातला ठिपका. कुठे रेघ हरवली असेल तर अंबर आणि अल्ट्रामरीनच्या गडद मिश्रणाने बारीक लांब केसांच्या ब्रशने ओढा.

तेलाबद्दल. जवस आणि करडई दोन्ही आपल्याच शेतातली, आणि दोन्हींची तेलं हवेत सुकून घट्ट होतात म्हणून रंगात वापरली जातात. करडईचं तेल कमी पिवळं पडतं, पांढरे रंग घोटायला ते घेतात, पण सुकायला उशीर लावतं, त्यामुळे खालच्या थरात नको. घाण्यावरचं किंवा किराणातलं तेल मात्र सरळ घालू नका. घाण्याच्या जवसात गाळ असतो, आणि काही करडईच्या जातींचं तेल जवळजवळ सुकतच नाही. चित्रकलेसाठी शुद्ध केलेलं तेल घ्या. शेंगदाण्याचं तेल कधीच सुकत नाही.

जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेटू शकतात. ती बाहेर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या डब्यात ठेवा. डागायची जागा आणि टर्पेंटाइनची जागा वेगळी हवी, एकाच टेबलावर दोन्ही नकोत.

सुकल्यावर काही भाग निस्तेज दिसले तर तिथे लाकडाने तेल ओढलंय, म्हणजे चपडी कमी पडली. तेवढ्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात चोळून जास्तीचं पुसून घ्या. महिना झाला तरी बोटाला चिकट लागत असेल तर तेल जास्त झालंय. हवेशीर, उजेडाच्या खोलीत ठेवून वाट पाहण्याशिवाय उपाय नाही. पावसाळ्यात सगळंच सावकाश सुकतं, ते धरून चाला.

व्हार्निश आणि चौकट

पातळ थरांना सहा महिने, जाड पटक्याला वर्षभर थांबून मगच शेवटचं व्हार्निश. मॅट घ्या, चकाकीत डाग दिसत नाही. अतिनील किरण अडवणारं मिळालं तर उत्तम, कारण डागलेली फिकट छटा उन्हाने उडते आणि लाकूड स्वतः गडद होत जातं. या दोन्हींमधलं अंतर कमी झालं की गालावरची मऊ सावली नाहीशी होते. म्हणून महत्त्वाचं काही सगळ्यात फिकट छटेवर सोपवू नका आणि चित्र खिडकीसमोर टांगू नका.

चौकट करताना सुताराला सांगा की फळी घट्ट बसवायची नाही. रुंदीच्या दोन्ही बाजूंना २ ते ३ मिलिमीटर मोकळे ठेवायचे आणि मागून खिळे ठोकण्याऐवजी फिरत्या पट्ट्यांनी धरायची. पाठीमागे आडव्या पट्ट्या मारायच्या असतील तर स्क्रूची भोकं लांबट करायची, म्हणजे पावसाळ्यात फळी फुगली तरी तिला सरकायला जागा राहते.